ऑनोच्या नावावरची तीन विमानं

मिडल्सवार्फ, ११ नोव्हेंबर २००३

तीन विमानं तू माझ्या नवऱ्याच्या नावावर टाकायला निघालीस, आणि मला विचारतेस काय, तर फोटो कुठला छापू! टोपीतला की बिनटोपीचा! चार पानांचं पत्र. त्यात तुझा दुखरा गुडघा आहे, फ्रायबुर्गचं धुकं आहे, लष्कराच्या जुन्या कागदांच्या दफ्तरातल्या साहेबाचं म्हातारं कुत्रं आहे. खरी गोष्ट मात्र चौथ्या पानाच्या तळाशी, चार-पाच ओळींत, सामानाची यादी संपता संपता "आणि मीठ" लिहावं तशी. वर वीस तारखेला पुस्तक छापखान्यात जाणार म्हणतेस. म्हणजे आता उरले नऊ दिवस. ऐंशी वर्षांच्या बाईला घाई करायला लावू नये एवढंही तुला कुणी शिकवलं नाही?

प्रिय वीब्के,

झालं, आता राग काढला. मी बरी आहे. गुडघ्याला गरम बटाट्याचं पोटीस बांध, डॉक्टरला विचारत बसू नकोस. कोबी काढून झाला. शेजारची टोमा पडली, कंबर मोडली, आणि पडल्या पडल्या तिने पहिलं विचारलं की चुलीवरचं दूध उतू गेलं का. अशा बायकांत मी राहते. माझं अक्षर मोठं आहे, चुकाही असतील. मी शाळेत फक्त हिवाळ्यात गेले, उन्हाळ्यात गाई होत्या. तू दफ्तरात बसून लोकांची खराब अक्षरं लावतेस, तर माझंही लावशील.

तुझं काम मला समजत नाही असं तू धरून चालतेस. समजतं. युद्धात ज्यांनी शंभर-दोनशे विमानं पाडली त्यांच्यावर लोकांनी पुस्तकांचे ढीग रचले. तू उरलेल्यांच्या मागे लागलीस. ज्यांनी एखादं पाडलं, किंवा एकही नाही, आणि मेले. गेल्या उन्हाळ्यात इथे ओसरीत बसून तू म्हणालीस, "आजी, त्यांची नावं आता कुणी घेत नाही." मी म्हटलं, "त्यांच्या आया घ्यायच्या. त्याही मेल्या." तू ते लगेच वहीत लिहून घेतलंस. मी बोलले की तू लिहून घेतेस. मी गप्प बसते तेव्हा मात्र तुझी पेन्सिल थांबते, आणि मला तेच सोयीचं पडत आलं.

तर तुझ्या त्या ओळी. चष्मा पुसून पुसून तीनदा वाचल्या. तुला ऑनोच्या तुकडीच्या नुकसानीची यादी सापडली. विमानाचं नुकसान टक्क्यांत लिहायची पद्धत होती, आणि ऑनो ताम्मेनचं विमान शंभर टक्के. माणसाला टक्के नसतात, त्याच्यापुढे नुसती फुली. पुढचा रकाना, कारणाचा, पाणी लागून गेलेला. त्या कागदांचे फोटो काढून ठेवलेल्या फिल्मवर नुसता डाग. मग दुसरी यादी सापडली. त्याच दिवशी, त्याच तुकडीने पाडलेली शत्रूची तीन मोठी बॉम्बफेकी विमानं, पाडणाऱ्याचं नाव वाचता येत नाही. आणि तू लिहितेस, "आजी, तू नेहमी तीन म्हणायचीस, आणि इथे बरोबर तीन आहेत! दोन वर्षं शोधत होते, सापडली!" 

काढून टाक. ती ऑनोची नाहीत.

ती दुसऱ्या कुठल्या पोराची असतील, त्याची त्याला राहू देत. आणि तूच मला सांगितलं होतंस की त्या मोठ्या विमानांत दहा-दहा माणसं बसत. म्हणजे तीस माणसं तू माझ्या नवऱ्याच्या माथी मारायला निघालीस. ज्याला कोंबडी कापायची असली की तो मला हाक मारायचा आणि स्वतः विहिरीच्या मागे जाऊन उभा राहायचा, त्याच्या! तो कुणाच्या राज्यासाठी उडत होता ते खुशाल लिही, ते मी झाकत नाही. भिंतीवरच्या त्या मिशीवाल्या पुढाऱ्याच्या फोटोसमोर आम्ही सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. पण न केलेलं त्याच्या नावावर नको.

आता तू विचारशील, मग हा तीनचा आकडा आला कुठून. सांगते. मला क्रमाने सांगू दे. मधूनच सुरुवात केली तर मी पळवाट काढीन. पळवाटा मला सगळ्या पाठ आहेत.

माझं लग्न हेल्मेटशी झालं हे तुला माहीत आहे, तू लोकांना हसत सांगतेस. १९४३ चा मे महिना. ऑनो फ्रान्समध्ये, रजा नाही, आणि माझं पोट दिसायला लागलेलं. त्याने तिकडे साहेबासमोर कागदावर सही केली, मी इथे नोंदणीच्या कचेरीत. नवऱ्याच्या खुर्चीसमोर टेबलावर लोखंडी हेल्मेट ठेवायचं असा नियम. वैमानिकाला लोखंडी हेल्मेट नसतंच, पण नियम कुणाचं ऐकतो? शेवटी आग विझवणाऱ्या पथकाचं आणलं, हार्म लोहाराचं. त्याला आतून घामाचा आणि बियरचा वास. माझी सासू कानाशी म्हणाली, "हिस्के, हसू नकोस, लोक बघतायत." मी हसत नव्हते गं. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि त्या हेल्मेटाकडे बघून मला एकच वाटत होतं, की ह्याच्या आत डोकं का नाही.

सप्टेंबरात त्याच्या साहेबाचं पत्र आलं. शत्रूशी लढताना वीरमरण, शेवटपर्यंत शूर, वेदना झाल्या नाहीत. महिन्याभरात तुझा बाप जन्मला. पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि कामाला लागले. रडायला वेळ नव्हता असं मी तुला सांगत आले, ते खरं आहे. पण एक समाधानही होतं, हे कधी सांगितलं नाही. माझा माणूस लढताना गेला होता. तेवढ्यावर मी चार वर्षं ताठ चालले.

मग ४७ च्या थंडीत दारात एक माणूस उभा राहिला. आलोइस नाव, दूर पूर्वेकडचा, घरदार गमावून पायी भटकणारा. ऑनोच्या विमानाची देखभाल तो करायचा. ऑनो त्या तुकडीत आला तेव्हापासून पाच हप्ते दोघं रोज बरोबर होते. मी त्याच्यासमोर उकडलेले बटाटे ठेवले. त्याने अकरा खाल्ले, मी मोजले, आणि मगच तो बोलला. "बाई, पोरगा चांगला होता. उडायला भ्यायचा." मी म्हटलं, "तोंड सांभाळ." तो म्हणाला, "भ्यायचे सगळेच. हा लपवत नसे, एवढंच. चढायच्या आधी माझा हात धरायचा. घट्ट." मग त्याने तो दिवस सांगितला. त्या विमानांची चाकं कोंबडीच्या पायांसारखी जवळ जवळ असत, जरा चुकलं की वाकडं जाई. ऑनोचं धावता धावता डावीकडे वळलं, उलटलं आणि पेटलं. जमिनीवरून दोन हात वर गेलं नव्हतं. त्या पाच हप्त्यांत त्याची सात उड्डाणं झाली होती, आणि त्याने एकदाही गोळी झाडली नव्हती. पाडलेलं विमान एकही नाही. तुझ्या फिल्मवरच्या डागाखाली हेच लिहिलेलं असणार. "वेदना झाल्या नाहीत ना?" मी विचारलं. आलोइसने बाराव्या बटाट्याकडे पाहिलं आणि तो उचलला नाही. 

मी त्याला सासऱ्यांचा कोट दिला आणि सांगितलं, हे गावात कुणापाशी बोलायचं नाही. तो बोलला नाही. कदाचित कोटामुळे.

तुझा बाप सात वर्षांचा होता. मी स्वयंपाकघरात बारीक कोळंबी सोलत होते, तेव्हा बंदरावरून घरी टोपल्या द्यायचे, सोललेल्याचे पैसे मिळत. हाब्बो शाळेतून आला, ओठ फुटलेला. शाळेत पोरं बापांची मोजणी करत. एकाच्या बापाने सहा रणगाडे फोडलेले, एकाचा बाप बोटीवर. जे बाप परत आले होते ते घरी तोंड उघडत नसत, पण पोरं बाहेर आकडे फुगवत. हाब्बो म्हणाला, "आई, बाबांनी किती पाडली?" मी मान वर केली नाही. हात चालू होते. एक म्हटलं असतं तर पोरं हसली असती. दहा म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग पदक कुठे. मी म्हटलं, "तीन." एवढंच. कोळंबीचं डोकं मोडावं तितक्या सहज. त्याने ओठ पुसला आणि म्हणाला, "मला वाटलंच." दुसऱ्या दिवशी त्याने लाकडी विमान केलं आणि शेपटीवर चुन्याने तीन पट्टे ओढले, खरे वैमानिक पाडलेल्या दर विमानामागे एक ओढत तसे. 

मला वाटलं, पोर आहे, मोठं होईल तसं विसरेल. वीब्के, त्या पोराने ते तीन पट्टे जन्मभर अंगावर वागवले. मी त्याला धाक घालायला म्हणे, "बाबा असते तर काय म्हणाले असते?" आणि तो लगेच सरळ व्हायचा. सोपं पडायचं गं. एकट्या बाईला सोपं पडायचं.

१९६२. हाब्बो अठरा वर्षांचा, हवाई दलाचा अर्ज घेऊन आला. तेव्हा एकविसाच्या आत आईची सही लागे. अर्ज त्याने टेबलावर ठेवला आणि गोठ्यात गेला, मला वेळ द्यायला. तेवढ्यात तुझी आई सायकलवरून आली. अल्मुथ तेव्हा तुझी आई नव्हती, पलीकडच्या शेतावरची अल्मुथ होती, सतरा-अठराची, वाऱ्याने गाल लाल. ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "मावशी, नका ना करू सही. त्याला उडायचं नाहीये. त्याला बाबांसारखं व्हायचंय. तुम्ही एकदा सांगा त्याला, की तसं व्हायची गरज नाही. तुमचंच ऐकेल तो." 

ती पोरगी खरं काय ते ओळखून होती, तिला काही माहीत नसताना. मला एक वाक्य बोलायचं होतं. तुझा बाप भ्यायचा, हाब्बो, आणि उडण्याआधी उलटून मेला. एवढंच. मग त्याने कदाचित अर्ज फाडला असता. कदाचित माझ्याशी वर्षभर बोलला नसता. चाललं असतं. पण मला त्या पोरीसमोर खोटी ठरायचं नव्हतं. त्याच्यासमोर त्याहून नव्हतं. मी तिला म्हटलं, "ताम्मेनांच्या घरात काय करायचं ते ताम्मेन ठरवतील. तू आधी ताम्मेन तर हो." आणि तिच्यादेखत सही केली. मला दुसरं काही नीट लिहिता येत नाही, सही मात्र सुरेख येते.

तू पुस्तकाच्या सुरुवातीला टाकायची ओळ मला लिहून पाठवलीस, "ज्या आजोबांमुळे माझ्या वडिलांना आकाश दिसलं त्यांना." मी ती वाचली आणि चहा तसाच ठेवून बाहेर जाऊन बसले. आजोबांनी कुणाला काही दाखवलं नाही, पोरी. ते मी केलं.

पुढचं तुला आकड्यांत माहीत आहे. सप्टेंबर १९६८, तू चार महिन्यांची. त्या काळात हवाई दलाची ती नवी विमानं वरचेवर पडायची, बातमी पेपरच्या आतल्या पानावर येई. हाब्बोचं समुद्रात गेलं. चार दिवसांनी आम्हाला बंद शवपेटी मिळाली, उघडायची नाही असं सांगून. चर्चच्या पायरीवर उचलणाऱ्यांपैकी एकाचा पाय घसरला म्हणून मी हात घातला. मी जन्मभर पोती उचलली आहेत. वाळू पेटी कलली की एका बाजूला सरकते, माणूस तसा सरकत नाही. माझ्या हातात वाळू सरकली. मागून तुझी आई पुढे येत होती, तिलाही हात लावायचा होता, शेवटचा. मी तिला कोपराने मागे ढकललं. तिला ते कळू नये म्हणून ढकललं. तिला वाटलं, मी तिला हाकलते आहे. मी तिला खरं कारण कधी सांगितलं नाही, म्हणजे तिला वाटलं तेच खरं झालं.

आणि मग चहा. मातीनंतर सगळे आमच्याच घरात, वीस-बावीस माणसं, लोणी लावलेला पाव, कप वाजतायत. अल्मुथ माझ्या शेजारी बसली, तू तिच्या मांडीवर. तिने हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं सांगितलं, "आई, त्या सकाळी आमचं भांडण झालं. मी म्हटलं, सोड हे उडणं, आता आपल्याला पोर आहे. तो दार आपटून गेला." ती माझ्याकडे आधाराला आली होती. दुसरं कोण होतं तिला? आणि मी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मी म्हटलं, "म्हणजे तू पाठवलंस त्याला डोकं फिरवून. विमानात चढणाऱ्या माणसाशी भांडतात? त्याच्या बापाने तीन पाडली आणि तरी तो धड जमिनीवर उतरायचा, कारण त्याला घरून कुणी असं पाठवत नव्हतं."

मी हे बोलले. ऑनोबद्दल. उलटून जळालेल्या ऑनोबद्दल. मला कारण कुणाच्या तरी अंगावर टाकायचं होतं, आणि ती सगळ्यात जवळ बसली होती.

अल्मुथने चमचा कपात उभा ठेवला, आमच्याकडे "आता पुरे" म्हणायची ती रीत. तुला घोंगडीत गुंडाळलं आणि निघाली. माझ्या घरात तिने घेतलेला तो शेवटचा चहा. तुला ती दर उन्हाळ्यात पाठवत राहिली, हे तिचं मोठेपण. आगगाडीच्या खिडकीतून तुला खाली द्यायची, स्वतः कधी उतरली नाही. मी फलाटावरून मान हलवायची, ती आतून हलवायची. पुढे तू एकटी यायला लागलीस, तेव्हा तेही संपलं. तू लहान असताना विचारायचीस, "आई का येत नाही?" मी म्हणायचे, "तिला समुद्राचा वारा सोसत नाही." तेही माझंच खोटं. आधीच्या खोट्याला सोबत हवी असते.

तिने दुसरं लग्न केलं नाही. तू एकदा म्हणालीस, ती अजून कुणी दार जोरात लावलं तर उठून उभी राहते. तू ते सहज बोललीस, पेस्ट्री खाता खाता. मी त्या दिवशी तुला लवकर झोपायला पाठवलं होतं, आठवतं? तू पंचवीस वर्षांची होतीस आणि चिडली होतीस.

त्या पानाचं म्हणशील तर असं लिही: ऑनो ताम्मेन, वय बावीस, सात उड्डाणं, पाडलेली विमानं शून्य, विमान धावताना उलटून मृत्यू. कागद मागितला तर सांग, त्याच्या बायकोने सांगितलं, तिला प्रत्यक्ष पाहिलेल्याने सांगितलं. तुमच्यात असं चालत नसेल तर पान कोरं सोड. फोटो बिनटोपीचा घे. टोपीत तो दुसराच कुणी दिसतो.

पण ह्या पानासाठी मी एवढं लिहिलं नसतं, वीब्के. त्याला पोस्टकार्ड पुरलं असतं: "तीन हा आकडा खोटा, काढून टाक." मी आठ दिवसांत हे चौथ्यांदा लिहिते आहे, कारण पुस्तक छापून आलं की पहिली प्रत तू तुझ्या आईला देशील, आणि ती ते वाचेल: तीन विमानं, छापलेली, दफ्तरातल्या कागदाचा नंबर घालून. मग मी चहाच्या वेळी जे बोलले ते कायमचं खरं ठरेल, तिच्याच पोरीच्या हाताने. ते मला सोसणार नाही. हे पत्र वरून तुझ्या नावाचं आहे, आहे तिच्यासाठी. तिच्या नावाने पाकीट लिहायला बसले तर पस्तीस वर्षांत मला पत्त्याच्या पुढे जाता आलं नाही. तू स्वतः जा, टपालाने पाठवू नकोस. तिला वाचून दाखवू नकोस, तिच्या हातात दे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बस. तिला कळू दे की हाब्बो तिच्या भांडणामुळे गेला नाही. तो माझ्या एका शब्दामुळे गेला, आणि माझ्या सहीमुळे, आणि ती नको म्हणत होती. ती पहिल्यापासून बरोबर होती, आणि मला ते त्या दिवशी पेटीला हात लावतानाच माहीत होतं. हाब्बोबद्दल पुस्तकात काही छापायचं की नाही ते तिने ठरवायचं, तू नाही, मी तर नाहीच. माफ कर असं मी तिला लिहिणार नाही. मागितलं की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तिने ह्या घराला पुरेसं दिलं.

तुझीच आजी,
हिस्के ताम्मेन

उत्तर तू लिहायचं नाहीस. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तर मी ते न फोडता परत पाठवीन. उत्तर अल्मुथने लिहायचं, शिवी असली तरी चालेल.